कोरा मॉनिटर

कोथरूडच्या दीनानाथांच्या घरात वस्तू सहसा जुनी होत नसे, कारण ती वापरायला काढायचीच कोणाची छाती नव्हती. सोफा प्लास्टिकच्या कव्हरात, रिमोट पिशवीत, आणि त्यांच्या लग्नात आलेला डिनर सेट अजून खोक्यात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून या संग्रहालयाची देखरेख हाच त्यांचा पूर्णवेळ उद्योग होता.

त्यांची सून अस्मिता घरी बसून लग्नपत्रिका डिझाइन करायची, सासऱ्यांनी ती या घरात येण्याआधीच घेतलेल्या मॉनिटरवर. हल्ली एक विचित्र प्रकार सुरू झाला होता. पडद्यावर कुंकवासारखा लाल दिसेपर्यंत ती रंग जुळवायची, आणि पत्रिका छापून यायची राणी रंगाची. तिनं डोळेसुद्धा तपासून घेतले. डोळे ठणठणीत निघाले, म्हणजे आता आपल्या नजरेलाच रंग कळत नाहीत अशी तिची खात्री पटत चालली. त्यात प्रेसवाल्या आमोदनं शांतपणे सांगितलं, की आता एक जरी पत्रिका चुकली तर काम दुसऱ्याकडे जाईल. आणि तिला काम देणारा तो एकटाच उरला होता.

तेव्हा शेवटचा उपाय म्हणून नवा मॉनिटर घ्यायचं ठरलं. बजेट बेताचं होतं, सल्ला मात्र मुबलक. दीनानाथांनी किमतीला इंचांनी भागून स्वतःचं एक शास्त्र काढलं आणि बुधवार पेठेतल्या दुकानात शिरताच सर्वांत मोठ्या पडद्यावर बोट ठेवलं.

दुकानदारानं पेपरातून मान वर न करता विचारलं, "पिक्चर बघायचाय की काम करायचंय?"

अस्मितानं पर्समधून एक बिनचूक छापलेली जुनी पत्रिका काढली, तिचीच फाइल एकेका पडद्यावर उघडायला लावली आणि शेजारी पत्रिका धरून पाहिलं. मोठ्या पडद्यावर गणपतीचा शेला विटक्या विटेसारखा दिसत होता. एका चोवीस इंचीवर मात्र रंग तंतोतंत जुळला. तो बजेटमध्येही बसला, आणि दीनानाथांचं शास्त्र दुकानातच राहिलं.

घरी आल्यावर नव्या पडद्यावरची पारदर्शक फिल्म काढायला तिनं कोपऱ्याला नख लावलं, तर दीनानाथांनी तिचा हातच धरला.

"अगं, राहू दे ती. मागच्या वेळी मी ब्लेडनं कडा कापून इतकी बेमालूम बसवली, की तुलासुद्धा कधी कळलं नाही. उगाच का तो मॉनिटर इतकी वर्षं कोरा राहिला?"

अस्मिता उठली, जुन्या मॉनिटरपाशी गेली आणि नखानं कड खरवडू लागली. अख्खी फिल्म निघून हातात आली, जुन्या सेलोटेपसारखी पिवळी पडलेली. तिनं तीच फाइल उघडून शेजारी पत्रिका धरली. लाल रंग तंतोतंत जुळला.

तिला संताप आला, रडूही आलं. "बाबा, मला वाटत होतं माझीच नजर गेली," एवढंच ती म्हणाली.

दीनानाथांनी स्वतःच नव्या मॉनिटरची फिल्म सोलायला घेतली, अगदी हळूहळू, जणू स्वतःचीच कातडी निघत होती. ती निघाल्यावर तिची नीट घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली.