ओल्या बुटांखालचं पान

ताज्या शाईचा आणि वितळत्या बर्फाचा वास एकत्र आला की माझ्या छातीत अजून धडधडतं. कॅनडातल्या वॉन शहरात ज्या रशियन दुकानात मी लोणच्याच्या बरण्या लावते, तिथे दर गुरुवारी दाराशी रशियन साप्ताहिकाचा फुकट गठ्ठा येतो. नववीत शाळा सुटलेली मी, ती लिपी कुठून वाचणार! पण ज्या माउलीने या परक्या, हिमशुभ्र मुलखात मला आपल्या घराचं बेसमेंट राहायला दिलं, तापात उशाशी बसून सूप पाजलं, त्या रायामावशीसाठी एक अंक मी कोटाखाली जपून नेत असे. कृतज्ञतेला याहून वेगळी भाषा कुठली?

एका गुरुवारी वाचता वाचता तिने चष्मा काढला. आम्हा दोघींचं इंग्रजी सारखंच लंगडं, म्हणून सगळं कळलं. "कुणी वाचक लिहितो, जगातल्या साऱ्या दुःखाचं मूळ आम्ही ज्यू. हेच ऐकवून माझ्या आजोबांना कामावरून काढलं होतं." मग ते पान तिने दाराशी पसरलं. "बूट ठेव यावर." कागदाला पाय लागताच माझा हात लहानपणीच्या सवयीने कपाळाकडे निघाला, छापील अक्षर म्हणजे सरस्वती ना! पण अर्ध्यावरच थबकला. ही कसली सरस्वती? आणि हे विष मीच छातीशी धरून आणलं होतं!

मावशीने त्याच साप्ताहिकाला उत्तर लिहिलं, खाली पूर्ण नाव. "मावशी, नाव नको ना टाकू. खिडकीवर दगड आला तर?" ती हसली. "बिननावाचं उत्तर म्हणजे बिनमिठाचं लोणचं. तू विकशील?"

उत्तर अजून छापलंही नव्हतं, तरी पुढचा आठवडाभर रस्त्यावर गाडी थांबली की मी पडदा सारून बघत होते. तिची काळजी करता करता मनात हळूच माझ्या पीआरची, इथे कायम राहण्याच्या परवान्याचीही काळजी शिरे. भीती किती आपमतलबी असते, नाही?

गुरुवारी गठ्ठा आला. मी दारातच पानं उलटली. आमच्या दारावर मावशीने जुन्या घरून आणलेली नावाची पितळी पाटी आहे. तिच्यावरची अक्षरं मी येता-जाता बघते. तीच अक्षरं, त्याच वळणांची, एका पानाच्या तळाशी उभी होती. वाचता न येणाऱ्या भाषेतलं ते एकच नाव मला ओळखता आलं! गठ्ठा दारातून उचलताना एक अंक ओल्या फरशीवर निसटला, त्याला माझ्या बुटाचं टोक लागलं. हात कपाळाकडे गेला, आणि या खेपेला पोचला.

मग तो सगळा गठ्ठा मी गल्ल्याशेजारी, सर्वांना दिसेल असा ठेवला. भीती गेली नाही. पडदा सारून मी अजूनही बघते. शाईचा वास मात्र दिवसभर बोटांना होता, आणि मी हात धुतले नाहीत.