परजिल्ह्याच्या बाईचं लायसन

"तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं कुणी विचारलं की अजून माझं डोकं फिरतं. विचारणारा सरळ मनानं विचारत असेल, मान्य. पण हा प्रश्न मला इतक्या खिडक्यांवर आणि इतक्या ओट्यांवर तिरक्या नजरेनं विचारला गेलाय की सरळ माणसालाही माझ्याकडून वाकडंच उत्तर मिळतं. माझा इलाज नाही.

मी हदगावकडची. नर्स. पहिली नेमणूक जळकोटच्या अलीकडच्या एका गावात झाली तेव्हा ते गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. वाड्या-तांडे पायी पालथे घालत, पोरांना टोचत, बायकांची बाळंतपणं करत माझं बरं चाललं होतं. एक दिवस कळलं की जिल्हा बदलला. गाव जागच्या जागी, मी जागच्या जागी, आणि जिल्हा मात्र आता लातूर. लोकांनी गुलाल उधळला, पेढे वाटले. मीही एक पेढा खाल्ला. नवा जिल्हा मला परकी ठरवणार आहे हे तेव्हा काय ठाऊक!

मग दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, तलाव आटला, आणि तांड्यावरची माणसं नाल्यात खड्डे खणून त्यात झिरपलेलं गढूळ पाणी पिऊ लागली. उन्हाळा लागला तशी हगवण-उलटी सुरू झाली. फाट्यापर्यंत एक एसटी यायची, मनात आलं तर. तिथून तांडा डोंगराच्या पल्याड, सगळा चढ, खांद्यावर सलाईनच्या बाटल्या. मी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं.

त्याच सुमारास मोठ्या दवाखान्यात नर्सांसाठी लुना आल्या. माझी लुना व्हरांड्यात उभी होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, लायसन दाखवा, चावी न्या." माणूस वाईट नव्हता. नियमाचा पक्का होता, म्हणजे भित्रा होता. गाडी मी शाळेच्या मास्तरांच्या लुनावर आधीच शिकले होते, आटलेल्या तलावाच्या पोटात. तिथं धडकायला झाड नव्हतं आणि हसायला माणूस नव्हतं. चालवता येत होतं, गाडी होती, रस्ता होता. नव्हतं ते लायसन.

लातूरला परवान्याचं ऑफिस एका भाड्याच्या इमारतीत होतं. खिडकीतल्या बाबूनं माझे कागद चाळले. शाळेचा दाखला हदगावचा.

"तुम्ही तर नांदेडच्या. नांदेडला जा."

"राहते इथं, नोकरी इथं. नांदेडला कशाला जाऊ?"

"परजिल्ह्याच्या माणसाला हितून लायसन भेटत न्हाई."

मी नेमणुकीचा हुकूम पुढं सरकवला. त्यानं तो वाचला आणि त्याचा चेहरा खुलला. "ह्याच्यावर तर गाव उस्मानाबाद जिल्ह्यात लिहिलंय."

"अहो, हुकूम निघाला तेव्हा लातूर जिल्हा होता कुठं?"

"ते मला सांगू नका. कागदावर काय हाय ते बगायचं असतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "साहेब, तुमचा जिल्हा काल जन्मला. मी त्याच्या आधीपासून ह्या मुलखात राहून राहिले. परकं कोण, मी का तो?" रांगेतले दोघं-चौघं हसले. बाबू हसला नाही. त्यानं कागदांची गड्डी करून परत दिली आणि माझ्या मागच्याला म्हणाला, "हं, बोला."

नांदेडला गेले. तिथला बाबू फार गोड बोलला. "ताई, राहता लातूरला आणि लायसन आमच्याकडून? तिकडंच जा की." ना घरची ना घाटाची म्हणतात, ते हेच. हदगावला आईकडं मुक्काम केला, तिनं भाकरी करून वाढली आणि म्हणाली, "काहून जीव जाळून घेतेस? सरकारी काम अन् सहा महिने थांब." मी आईवरच ओरडले. म्हटलं, तांड्यावरची पोरं सहा महिने थांबतात का?

परत लातूर. ह्या वेळी बाबूनं तोड सांगितली. गावाचा रहिवासी दाखला आणा, मग बघू. दाखला ग्रामसेवक देतो. ग्रामसेवक म्हणाला, "दिऊ की. घरमालकानं येऊन एवढंच सांगावं की ही बाई माझ्या घरी ऱ्हाती. तोंडी सांगितलं तरी चालंल." मला वाटलं, चला, सुटले.

आता घरमालकाचं सांगते. गावातलं जमीनजुमल्याचं घर. काका, काकू, दोन कर्ती मुलं, सुना, एक नातू. उपकेंद्राची खोली एकच, तिच्यात औषधांचं कपाट अन् तपासायचं टेबल, म्हणून मी ह्यांच्या मागच्या अंगाला, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत भाड्यानं राहायचे. दार वेगळं, बोळात उघडणारं. पहिल्या दिवशी काकांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. काकू उठून आत गेल्या, काका खांबाकडं बघत म्हणाले, "सरकारी माणूस हाय, न्हाई म्हणता येईना." आम्ही छप्पनपासून बौद्ध. पण आडनाव ऐकणाऱ्याच्या कानात अजून जुनंच वाजतं. गल्लीत मी नुसती नर्सबाई. आडनाव काकांनी कुणाला सांगितलं नाही, आणि मीही सांगू नये अशी त्यांची न बोलता ताकीद होती.

बाकी काका तसे बरे. भांडण नाही, तंटा नाही. हौदाला मी हात लावायचा नाही, काकू वरून ओतणार. दुष्काळ पडल्यावर तेही बंद झालं. "आमचंच भागंना बाई," काकू म्हणाल्या. मी मोठ्या दवाखान्याच्या बोअरचं पाणी कॅनमध्ये भरून एसटीनं आणायचे. कंडक्टर कॅनचं तिकीट मागायचा, मेला.

तर मी काकांकडं गेले. ते ओट्यावर सुपारी कातरत होते. ग्रामसेवकाचं सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग आवाज खाली करून म्हणाले, "बाई, तुम्ही ऱ्हावा. आम्ही काय तुम्हाला जा म्हणलो का? पण ऱ्हाता म्हणून लिहून मागू नका."

"काका, लायसन मिळंना मला. तांड्यावर पोरं आजारी आहेत."

"ते समदं खरं. पण दाखला झाला की त्याच्यावर तुमचं आडनाव येणार, माझं घर येणार. उद्या भाऊबंद इचारतील. घरात सुना हायत्या, नातवाच्या जावळाचं घाटतंय. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला कळतंय."

मला कळत होतं. चांगलंच कळत होतं. त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर मी दुसरी दिली असती आणि मोकळी झाले असते. इतक्या मऊ आवाजात सांगितल्यावर माणसानं करायचं काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी खोलीत येऊन कॅनला लाथ मारली. पाणी सांडलं, त्याचीच मग हळहळ केली.

त्याच आठवड्यात तांड्यावरून निरोप आला, एका घरात लहान मुलीला उलट्या लागल्यात. दुपारपर्यंत पोचते असा उलट निरोप देऊन मी निघाले. एसटी आली नाही. बराच वेळ फाट्याच्या दिशेनं चालल्यावर एका बैलगाडीवाल्यानं थोडं सोडलं, पुढं पुन्हा पायी. पोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि मुलगी गेली होती. आई तिला मांडीवर घेऊन तशीच बसलेली. मला बघून ती रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "बाई, तुमी दुपारी येनार व्हत्या ना?"

लुना दवाखान्याच्या व्हरांड्यात होती. तिच्यावर मी दुपारीच काय, सकाळीच पोचले असते. त्या रात्री मला रडू आलं नाही, नुसता संताप आला. बाबूचा, काकांचा, डॉक्टरांचा, सगळ्यांचा.

गावात टँकर दिवसाआड यायचा आणि पाणी माणशी मिळायचं. घरात जितकी डोकी, तितक्या घागरी. ग्रामसेवक जातीनं उभा राहून मोजून द्यायचा, नाहीतर डोकी फुटायची. टँकर यायच्या वेळेला मी नेहमी बाहेर असायचे, त्यामुळं ते वाटप मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी एसटी पुन्हा चुकली म्हणून मी खोलीतच होते. गल्लीत गलका झाला. दार लोटलेलं होतं, आवाज सगळा आत येत होता.

"तुमची घरची सात माणसं, काका. एक घागर जास्त का?" हा ग्रामसेवक.

"आठ हायत," काका म्हणाले. "नर्सबाई धरून आठ."

"नर्सबाई तुमच्यातच धरायची व्हय?"

"मग कुठं धरता? हितंच ऱ्हाती, हितंच खाती. आमच्या घरातलीच म्हणा की. उन्हाळा लागल्यापासून आठच नेतोय, आजच का इचारलं?"

मी उठले. पायात चप्पल घातली का नाही आठवत नाही. बोळातून गल्लीत आले आणि काकांच्या समोर उभी राहिले. घागर त्यांच्या सुनेच्या कडेवर होती, माझ्या वाटणीची, जिच्यातला थेंब मला कधी मिळाला नव्हता.

"काय म्हणालात काका? परत म्हणा."

टँकरच्या पाइपातून पाणी पडत होतं तेवढाच आवाज. काकांनी माझ्याकडं पाहिलं, घागरीकडं पाहिलं, ग्रामसेवकाकडं पाहिलं. नाही म्हणावं तर पाणी जातं आणि उन्हाळाभराचा लबाडपणा उघडा पडतो. हो म्हणावं तर मी.

"मी कुठं राहते काका? सांगा की सगळ्यांना."

"ऱ्हाती," ते म्हणाले.

"कुणाच्या घरात?"

"आमच्याच."

मी ग्रामसेवकाकडं वळले. "तुम्ही म्हणाला होतात तोंडी चालंल. आता झालं तोंडी. ही एवढी माणसं साक्षीला आहेत. दाखला लिहा. आत्ताच्या आत्ता." आणि माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, खणखणीत आवाजात सांगितलं. सून जरा मागं सरकली. म्हातारीकोतारी एकमेकांकडं बघू लागली. कळलं सगळ्यांना. कळू दे! ग्रामसेवकाला हसू दाबवेना, पण त्यानं टँकरच्या बॉनेटवर कागद टेकवून दाखला लिहिला.

त्या दाखल्यावर आधी शिकाऊ लायसन झालं, आणि पुढच्या महिन्यात पक्क्याची परीक्षा. मैदानात फक्कीनं मोठा आठ आखलेला. साहेबांनी मला बघून विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

"कुणी नाही."

"मालक?"

"लग्न झालं नाही."

"मग बाप, भाऊ, कुणीतरी असंल की."

"साहेब, गाडी मी चालवणार का ते?"

"पडलात तर आमची जबाबदारी न्हाई," म्हणाले. मी पदर खोचला आणि आठ काढला. त्यांनी हात केला, झालं म्हणून. मी थांबले नाही, अजून एक आठ काढला. रागच होता तो, दुसरं काय!

लायसन हातात आलं. बाबूनं रजिस्टरवर सही घेताना बजावलं, "पत्ता बदलला तर कळवायचं. नव्या घरमालकाचं आणायचं." दवाखान्यात येऊन मी चावी घेतली आणि आधी तांड्यावर गेले. त्या मुलीची आई दारात होती. तिनं लुनाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आत निघून गेली. तिचं काही चुकलं नाही. मी बाकीच्या घरांतली पोरं तपासली, पाण्यात टाकायची औषधं दिली आणि उजेड होता तोवर परत फिरले.

बोळात माझी ट्रंक होती. तिच्यावर वळकटी, वळकटीवर कॅन. खोलीला कुलूप. काका ओट्यावरच होते.

"पाव्हणे येणार हायत, बाई. खोली लागतीय."

गरज सरो, वैद्य मरो. टँकर आता गल्लीत येत नव्हता, पावसानं विहिरींना थोडं पाणी आलं होतं. आठव्या माणसाची गरज संपली होती. मी म्हटलं, "काका, पाहुण्यांना सांगा, घागरी मोजून घ्या म्हणावं." काकू दाराआड होत्या, त्यांचं पाऊल मला दिसत होतं. मी ट्रंक लुनाला बांधली आणि उपकेंद्रात जाऊन त्या तपासायच्या टेबलावर झोपले.

पुढं बदल्या झाल्या, गावं बदलली, जिल्हेही बदलले. पत्ता बदलायला मी गेले नाही. कधीच नाही. एकदा लातूरच्या चौकात पोलिसानं गाडी अडवली. लायसन उघडून त्यानं माझं नाव वाचलं, त्याखाली 'द्वारा' आणि काकांचं आख्खं नाव, गाव, गल्ली. तो त्याच भागातला निघाला. त्यानं पुन्हा माझं आडनाव वाचलं, पुन्हा काकांचं वाचलं.

"हे घर तर माझ्या माहितीतलं हाय," तो म्हणाला. "तुम्ही ह्यांच्या कोण?"

"घरातलीच," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलंय, सगळ्या गल्लीसमोर. जाऊन विचारा त्यांना."