जोडीदाराला पाठवलेला कोड

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, "तुमी रिक्षात बसल्यावर बी रस्ता तपासून राहता." तपासतो. पुण्यात नोकरीला असताना माझं काम माझ्याच साहेबानं स्वतःचं म्हणून दाखवलं आणि मी मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

नांदेडला परत येऊन घरूनच प्रोग्रॅमिंगची कामं घेऊ लागलो. त्यातलं एक किनवटकडच्या मुलींच्या वसतिगृहाच्या हजेरीच्या ॲपचं. तिथं नेटवर्क नाही. सकाळची हजेरी एका फोनवर, संध्याकाळची दुसऱ्यावर, आणि कुणी बाजाराला गेलं की तिथल्या नेटवर्कवर दोन्हींची जुळणी. सकाळी गैरहजर असलेली मुलगी संध्याकाळी घरून परत आली, तर नंतरची नोंद खरी धरायची. ऐकायला सोपं आहे, पण त्यानं माझं डोकं खाल्लं होतं.

लातूरला दर महिन्याला प्रोग्रॅमर मंडळी जमतात. तिथं यावर बोलायचं मी ठरवलं. एकदा तरी माझं काम लोकांनी माझ्या तोंडून ऐकावं, एवढीच हाव होती. प्रस्ताव पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी कार्यक्रम भरवणाऱ्याचा फोन आला.

"लई भारी विषय हाय भाऊ. आता समदं पाठवा. कोडसकट."

"कोड कशाला?"

"आमच्याकडं दर वक्त्याला एक जोडीदार असतो. तो पूर्ण विषय शिकून ठेवतो. बस बंद पडली, घसा बसला, तर तो उभारतो. तुमचा जोडीदार मीच."

असं कुठं असतं का? मी कोड पाठवला, पण एक ओळ मुद्दाम उलटी करून. नंतरच्या नोंदीऐवजी आधीची खरी धरली जाईल अशी. उद्या यानं माझं काम कुठं खपवलं, तर या ओळीवरून चोर सापडेल.

मग तो रोज फोन करू लागला. एका फोनचं घड्याळ मागं असलं तर? जुळणी अर्ध्यात तुटली तर? प्रश्न चांगले होते, म्हणूनच माझा संशय वाढला. दुसऱ्याच्या कामात इतकं बारीक कुणी फुकट शिरत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी चाकूरच्या अलीकडं एसटी बंद पडली. मी फोन केला. तो म्हणाला, "काळजी करू नका, म्या सुरू करतो." ती ओळ मला आठवली नाही असं नाही. आठवली. पण सांगायला जीभ उचलली नाही.

दुसऱ्या गाडीनं मी पोचलो तेव्हा तो शेवटाला आला होता. सकाळी गैरहजर दाखवलेल्या मुलीची त्यानं संध्याकाळची हजेरी लावली, दोन्ही फोन जोडले. पडद्यावर मुलगी गैरहजरच. पुन्हा केलं. गैरहजर. मागून कुणीतरी हसलं.

कपाळ पुसत तो म्हणाला, "चूक माझी हाय. मलाच नीट समजलं न्हाई. त्यांचं काम पक्कं हाय." तेवढ्यात मी त्याला दारात दिसलो. "हे बघा, आलेच!"

मी पुढं जाऊन ती ओळ सरळ केली. मुलगी हजर झाली. टाळ्या वाजल्या, आणि मागच्या खुर्चीत बसून तोही वाजवत होता. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चहा घेताना त्यानं विचारलं, "भाऊ, ती ओळ माझ्याकडून कशी बदलली असंल?"

"होतं असं," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात तो स्वतः बोलणार होता. जोडीदार म्हणून त्यानं माझं नाव घातलं. मी नांदेडला पोचायच्या आत त्याचा सगळा कोड आला होता, अर्धवट टिपणांसकट.

दोन दिवस मी त्यात खोट शोधत बसलो. सापडली नाही.