गोलीच्या हाका

रविवारी फुटबॉलच्या हंगामाचा पहिला सामना होता, आणि बुधवार उजाडला तरी आपण त्यात खेळणार की नाही हे गोलीला ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी त्याचा कारखान्याचा संघ शेवटून दुसरा आला होता. पुलापलीकडचा संघ त्याच्याही एक पायरी खाली. या दोन संघांचं वैर असं की आपण बुडालो याचं फारसं कुणाला वाटलं नसतं, पण समोरचा आपल्याआधी वर आला तर घास उतरला नसता. म्हणून दोन्हीकडे साफसफाई झाली. जुने खेळाडू गेले, नवी पोरं आली, प्रशिक्षकही नवे आले. वर्तमानपत्राने सामन्याचा अंदाज छापला तो असा, की दोन्ही घरं पाडून झाली आहेत, आता कुणाची भिंत उभी राहते ते रविवारी बघू.

कारखान्याच्या पाडलेल्या घरातली एकच वीट शिल्लक होती. ती म्हणजे गोली. वय अडतीस, गोलमध्ये उभं राहून सोळा वर्षं झालेली. दिवसा तो काचा कापायच्या दुकानात काम करायचा. तिथे दिवसभरात त्याच्या तोंडून दहा शब्द निघाले तरी मालक चकित व्हायचा. मैदानावर मात्र त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत पोचायचा.

अडचण त्या आवाजाचीच होती. गोलकीपरला मागून सगळं मैदान दिसतं, त्यामुळे पुढच्या बचावपटूंना कुठे सरकायचं ते तोच सांगतो. लांबण लावायला वेळ नसतो. म्हणून गोलीने एकेका शब्दाच्या हाका बसवल्या होत्या. ‘दार’ म्हटलं की मधल्या दोघांनी एकमेकांना चिकटायचं. ‘अंगण’ म्हटलं की सगळ्यांनी पुढे सरकायचं. ‘पाहुणा’ म्हणजे तुझ्या पाठीशी माणूस आहे. या हाका त्याने बसवल्या त्या मेव्हण्याबरोबर. बायकोचा हा धाकटा भाऊ अकरा वर्षं त्याच्यासमोर बचावात खेळला होता, आणि यंदा पुलापलीकडे गेला होता.

“गोली, तुमच्या हाका आता त्यांच्याही झाल्या,” नवे सर म्हणाले. “तुम्ही दार म्हणालात की कडेची जागा मोकळी पडणार, हे त्यांना पोरांच्या आधी कळेल. हाकांना मी रंग दिलेत. दार म्हणजे लाल, अंगण म्हणजे निळा, पाहुणा म्हणजे पिवळा. शनिवारच्या सरावापर्यंत तोंडात बसवा. नाही जमलं तर शिडीला उभा करतो.”

शिडी म्हणजे नवीन आणलेला दुसरा गोलकीपर. उंच, शांत, चोवीस वर्षांचा. रविवारी बाकावर बसलो की पुढच्या रविवारी आपल्याला कुणी विचारणार नाही, हे गोलीला कळत होतं.

घरी बायकोने परीक्षा घ्यायला सुरुवात केली. ती भांडी घासत होती, तो पुसत होता.

“मधून दोघं आले.”

“दार.”

“अहो.”

“लाल. लाल म्हणायचं होतं मला.”

“सगळे पुढे.”

“अंग… निळा.”

“मागून माणूस.”

हातातली ताटली त्याने तीनदा पुसली.

“कोथिंबीर सांगितली तर मेथी आणता,” ती म्हणाली, “तिथे रंग कुठले लक्षात राहायला.” पण हसू काही तिला आलं नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

गुरुवारी संध्याकाळी मेव्हणा आला. चप्पल काढता काढताच म्हणाला, “काय दाजी, रविवारी दार उघडं ठेवणार ना?”

“माझ्या घरात सामना नको,” बहीण म्हणाली. “चहा घे आणि गप्प बस.”

चहा संपला तरी तो कप हातात धरून बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “खरं सांगू दाजी? मला तिकडे पायांसाठी नाही घेतलं. पाय माझेही गेलेत. तुमच्या हाका मला येतात, म्हणून घेतलंय. रविवारी त्या कामाला आल्या नाहीत तर पुढच्या वेळी मी बाकावर.”

गोलीला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. दोघांची भाकरी एकाच शब्दावर भाजली जात होती, आणि ती एकालाच मिळणार होती.

शनिवारी सराव लागला. पहिला लाल बरोबर आला. निळाही आला. गोलीच्या छातीवरचं ओझं जरा हललं. तेवढ्यात डावीकडून चेंडू उंच आला, मधून दोघं धावले, आणि अकरा वर्षं घशात मुरलेला शब्द बाहेर पडला.

“दार.”

पोरं जागेवर थांबली आणि वळून त्याच्याकडे बघायला लागली. चेंडू त्याच्या कानावरून जाळीत गेला.

सरांनी शिट्टी वाजवली. खिशातून खेळाडूंची यादी काढली, तसा गोली धावतच त्यांच्याकडे गेला.

“सर, ऐका. मी जुन्याच हाका देतो. पोरांनी त्यांवर काहीच करायचं नाही. माझा मेव्हणा दार ऐकून कडेला चेंडू टाकेल आणि तिथे आपला माणूस आधीच उभा असेल. खऱ्या हाका, म्हणजे रंग, मधल्या बचावातला स्टॉपर देईल.”

सरांनी पेन कानाला लावलं आणि विचार केला. “युक्ती चांगली आहे. पण म्हणजे तुम्ही नव्वद मिनिटं खोटं ओरडणार. चेंडू अंगावर आला की खरंच हवी असलेली हाकच तोंडून जाईल आणि पोरं जागची हलणार नाहीत, असं तर होणार नाही? खरं सांगा. तुम्ही जमेल म्हणालात तर उद्या तुम्हीच उभे राहाल.”

आपलं काय होणार हे गोलीला ठाऊक होतं. आत्ताच सगळ्यांनी ते पाहिलं होतं. शिडी दूर उभा राहून हातमोज्याचा पट्टा आवळत होता.

“जमेल,” तो म्हणाला. आवाज इतका ठाम निघाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

सरांनी यादीत पहिल्या क्रमांकापुढे त्याचं नाव लिहिलं.

बूट सोडायला बसला तेव्हा मधला स्टॉपर, वीस-एकवीसचा पोरगा, शेजारी येऊन टेकला. “काका, म्हणजे उद्या तुम्ही दार म्हणालात की आम्ही हलायचं नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि तुम्हाला खरंच दार हवं असेल तर?”

गोलीच्या बोटांना नाडीची गाठ सापडेना. “तेव्हा मी ओरडणार नाही.”

“नक्की ना?”

“नक्की.”

पोराने मान डोलावली आणि तो दुसऱ्यांना सांगायला उठला. त्याला ते पटलं होतं.