क्लीनरूममधली पावलं

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. इथे सगळेच अशी सुरुवात करतात, माहीत आहे... पण माझं कामच धूळ मोजण्याचं. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मी बायकोशी वाद घालतानाही म्हणायचो.

मी नागपूरचा. आयर्लंडमध्ये, गॉलवेत एका मेडिकल डिव्हाइस कंपनीत व्हॅलिडेशन इंजिनिअर आहे. हृदयाच्या ऑपरेशनला लागणाऱ्या बारीक नळ्या आमच्याकडे बनतात, त्या क्लीनरूममध्ये. म्हणजे गाळलेली हवा, खिडकी नाही, कार्डशिवाय दार उघडत नाही. आधी बाहेरच्या छोट्या खोलीत हात धुवायचे, मग डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, बुटांवर कव्हर. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये.

ही गोष्ट फेब्रुवारी २०२१ ची. लॉकडाऊनमुळे ऑफिसवाले सगळे घरी, आम्ही मात्र रोज जात होतो. साफसफाईला हिंद नावाची बाई यायची. येमेनमधल्या ताइझची, तिशीतली. आश्रयासाठी अर्ज केलेला, निकाल लागलेला नव्हता. म्हणजे स्वतः परत जाता येत नाही आणि कुणाला बोलावताही येत नाही. आई आणि भाऊ तिकडेच, यादवीत अडकलेले.

कँटीनमध्ये एकदा मी तिला कॉफी दिली, तर तिने पिशवीतून स्वतःचा मग काढला आणि त्यात ओतून घेतली. मी सहज विचारलं. म्हणाली, "तिकडे आमच्या हाताचा पेला लोक फोडून टाकतात. सवय राहिली." शहर झाडणारा, गावाबाहेर पत्र्याच्या खोपटांत राहणारा तिचा समाज.

मी तिला माझ्या आजोबांबद्दल सांगितलं. गावातल्या हॉटेलात त्यांचा कप बाहेर खुंटीला अडकवलेला असे. चहा झाला की स्वतः धुवायचा, परत अडकवायचा.

ती म्हणाली, "पण तुमच्याकडे युद्ध नव्हतं ना? युद्धात सगळ्यांवरच बॉम्ब पडतात, अखी. पण विहिरीवर लोकांना बरोबर आठवतं आपण कोण ते."

अखी म्हणजे भाऊ. त्या दिवसापासून ती मला तेच म्हणायला लागली.

तर त्या शनिवारी... सकाळचे साडेदहा-अकरा. क्लीनरूम शुक्रवारी संध्याकाळपासून बंद होती, बारा वाजता लाइन सुरू व्हायची होती. त्याआधी हवेचं रीडिंग घ्यायला मी गेलो. सूट घालून दार उघडलं आणि तिथेच थांबलो.

पांढऱ्या फरशीवर पावलं होती. अनवाणी. पिवळसर, पिठासारख्या बारीक धुळीची. समोरच्या भिंतीपासून सुरू झालेली — तिथे दार नाही, नुसती भिंत आहे — आणि सरळ माझ्या दिशेने येणारी. माझ्या बाजूने, दारातून बाहेर, हात धुवायच्या सिंकपर्यंत. आत येताना मी त्याच सिंकवर हात धुतले होते. तेव्हा काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. परत जाणारं एकही पाऊल नाही.

उजव्या पावलाला तीनच बोटं होती. प्रत्येक ठशात.

हिंद बाहेर कॉरिडॉर पुसत होती. मी तिला हाक मारली. मला वाटलं ती विचारेल, कोण शिरलं होतं? ती दारात उभी राहिली, मग खाली बसली. ठशाला हात लावला नाही, वर नुसता धरला.

"आईचं आहे," ती म्हणाली. "रस्ता झाडताना कचऱ्याच्या ट्रकखाली बोटं गेली होती. मी सात वर्षांची होते."

मी म्हटलं, हिंद, असं कसं असेल.

मॅनेजर डेक्लन घरी होता. त्याला लँडलाइनवरून फोन केला. धूळ आहे, ठसे आहेत, एवढंच सांगितलं. "मेंटेनन्सवाल्यांपैकी कुणी तरी असेल. पुसून घे, नोंद कर, रीडिंग बरोबर आलं की ग्रँड," तो म्हणाला. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत 'मग झालं'. लाइन थांबवता येणार नव्हती. त्याचंही चुकलं नाही.

ते हिंदला मला सांगावं लागलं. आणि पुसायचं काम तिचं होतं.

मी म्हटलं, मी पुसतो. तिने मॉप सोडला नाही. "पाच मिनिटं दे," म्हणाली. मी पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मग मॉपचा ओला आवाज ऐकू आला.

चार दिवसांनी हिंदला तिच्या भावाचा मेसेज आला. त्यांच्या वस्तीचा नळ कधीच बंद पडला होता. जवळच्या विहिरीवर आईला कॅन भरू दिला नाही, म्हणून ती पलीकडे गेली, जिथे गोळीबार चालतो तिथे. शनिवारी सकाळी. परत आलीच नाही. अनवाणी गेली होती का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी सगळं तपासलं. कार्डची नोंद — माझ्याआधी कुणी नाही. कॉरिडॉरचा कॅमेरा — मी आणि हिंद. धुळीचं रीडिंग अगदी नॉर्मल, जणू काही आलंच नव्हतं. रिपोर्टमध्ये 'कारण समजले नाही' असं लिहिलं, आणि खरोखरच आजही समजलेलं नाही. फोटो नाही, कारण मोबाइल लॉकरमध्ये होता.

हिंद नंतर आठवडाभर आली नाही. आली तेव्हा मला कँटीनच्या दारात गाठलं.

"अखी, तू सिंकजवळ होतास. नळ चालू होता का? ती पाणी प्यायली असेल का?"

आमचे नळ सेन्सरचे आहेत, हात खाली आल्याशिवाय चालू होत नाहीत. त्या दिवशी माझे हात धुऊन झाल्यावर तो नळ बंदच होता. थेंबही गळत नव्हता.

मी हो म्हणालो.