कुलूपबंद खोली

बायको गेली आणि मुलगी पुण्याला नोकरीला लागली, तेव्हा तळोद्यातल्या आमच्या घरात मी एकटाच उरलो. निवृत्तीच्या पैशातून वर एक खोली बांधली होती, भाडं येईल म्हणून. खरं सांगायचं तर, डोक्यावर कुणाची तरी पावलं वाजावीत एवढंच मला हवं होतं.

पहिलं बिऱ्हाड आलं ते डोंगरातल्या गावांना जीप नेणाऱ्या एका ड्रायव्हरचं. नवरा-बायको दोघंच. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, करार करून घ्या." एवढ्या साध्या माणसाकडे कागद काय मागायचा, म्हणून मी तो केलाच नाही. वर्षभर सकाळचा चहा त्याची बायकोच खाली आणून द्यायची.

एके दिवशी दुपारी बाजारातून आलो तर वर कुलूप. आठवडा गेला, महिना गेला. त्याचा फोन बंद. शेजारी म्हणाला, "कुलूप तोडी टाका. घर तुमनं शे."

मी वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, "घर तुमचं, पण खोलीचा ताबा त्याचा. कुलूप तोडलंत आणि उद्या तो म्हणाला, पेटीतले दागिने गेले, तर? आधी नोटीस पाठवू. त्याचा गावचा पत्ता द्या."

पत्ता माझ्याकडे नव्हता. आधारकार्डाची प्रत नाही, नातेवाइकाचा नंबर नाही. वर्षभर ज्यांच्या हातचा चहा प्यायलो, त्यांचं गाव कोणतं हेही मला सांगता येईना. वकिलासमोर मला फार ओशाळवाणं वाटलं.

खोली आठ महिने तशीच बंद राहिली. शेवटी जीप स्टँडवर एकाने सांगितलं, त्याची सासुरवाडी शहादा तालुक्यात, कळसाडीला. मी एसटीने गेलो. विचारत विचारत घर सापडलं. त्याची बायको अंगणात कापूस निवडत बसली होती. मला पाहून उठली, डोक्यावर पदर घेतला.

"बाबा, तुम्ही कसाले उनात?" मी इथवर येईन, असं तिला वाटलंच नसावं.

मग खाली बघत म्हणाली, "ते सुरतले गयात. तठेच ऱ्हायनात. चावी मन्हाजोडे शे, पन तुमले तोंड कसं दखाडू?"

रागाने काय काय बोलायचं ते मी बसमध्ये ठरवलं होतं. प्रत्यक्षात एवढंच म्हणालो, "येऊन सामान घेऊन जा, अनामतही परत देतो."

दोन दिवसांनी ती भावाला घेऊन आली. वकिलाने सांगितल्याप्रमाणे भावाने तिच्या नवऱ्याला सुरतच्या नव्या नंबरवर फोन लावला आणि खोली सोडल्याचा मेसेज त्याच्याकडून मागवून घेतला. सामानाची यादी झाली, दोन शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या. अनामत तिच्या हातात दिली, पावती घेतली. छोट्या टेम्पोत तिचा संसार मावला. जाताना ती पाया पडली. "चहा घेऊन जा," एवढंही मला सुचलं नाही.

आता वर बँकेत काम करणारा एक तरुण राहतो. या वेळी सगळं रीतसर केलं. अकरा महिन्यांचा करार नोंदवला, पोलीस ठाण्यात माहिती दिली, गावचा पत्ता आणि त्याच्या वडिलांचा नंबर घेतला. भिंतींचे, नळांचे फोटो काढले, मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून लिहिलं. दुरुस्ती कुणी करायची हेसुद्धा कागदावर आलं.

"आता निर्धास्त ना, बाबा?" मुलीने विचारलं.

"हो," म्हणालो. ते खरंही होतं.

मुलगा सभ्य आहे. भाडं एक तारखेला मोबाईलवरच येतं. शनिवार-रविवार तो गावी जातो. परवा त्याचा मेसेज आला, 'करारात गच्चीचा उल्लेख नाही. कपडे वाळत घातले तर चालेल का?'

मी लिहिलं, 'चालेल.' थोडा वेळ थांबून आणखी लिहिलं, 'कधी चहाला या खाली.'

त्याने अंगठा पाठवला. अजून काही आला नाही.