कानातली बहीण

“गोळी घेतलीस का?”

आक्कानं विचारलं, तशी दारात भाकरीसाठी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं मान हलवली. “व्हय, घेतली की.”

आक्कानं पिठानं माखलेलं बोट कानाकडं नेलं. म्हातारा ओशाळला. पण दुसऱ्या दिवसापासून तो आला की आक्का आधी फोनवर विचारायची आणि मग त्याच्याकडं बघून म्हणायची, “आणि तुमी, आप्पा?”

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत आक्का भाकऱ्या करून विकायची. मी ऑफिसला जाताना डब्यासाठी तिच्याकडूनच घ्यायचे. हात सदा पिठात, म्हणून पुण्याच्या मुलानं तिला गळ्यात अडकवायचा, बिनवायरीचा हेडफोन आणून दिला होता. त्यावरून ती गुंजी गावात राहणाऱ्या आपल्या धाकट्या बहिणीशी बोलत राहायची. काचबिंदूनं बहिणीची नजर गेली होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही.

“इकडं ये म्हटलं तर येत न्हाय,” आक्का सांगायची. “म्हणती, या घरातल्या भिंती मला ठाव हायत.”

मग दोघी फोनवरच एकत्र स्वयंपाक करायच्या. “हात लांब धर. आधी आच बघ. आता टाक तेल.” शेजारच्या विणकरांच्या मागांची खडखड चालू असली की आक्काचा आवाज चढायचा. नवखा माणूस घाबरून मागं सरकायचा.

एकदा गल्लीत मयत झालं. सगळ्या बायका गप्प बसल्या होत्या. तेवढ्यात आक्का म्हणाली, “थोडं मीठ टाक, सगळं बरं हुईल.” रडणाऱ्या सुनेनं दचकून वर बघितलं. पुढं काहीजणी आक्काला बोलवायचं टाळू लागल्या. तिला ते कळत होतं. “तिला एकटीला चुलीपाशी सोडून कसं गं बसू?” एवढंच ती मला म्हणाली.

एका सकाळी मी भाकऱ्यांची वाट बघत उभी होते. बोलता बोलता आक्का थांबली. तव्यावरची भाकरी तशीच राहिली.

“काय पडलं गं? बोल की. अगं, बोल!”

मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेल्या नंबराकडं बोट केलं. तो बहिणीच्या शेजाऱ्याचा होता. मी माझ्या फोनवरून लावला. शेजारी धावत गेला, पण दाराला आतून कडी होती. तो कौलं काढून आत उतरेपर्यंत आक्का एका जागी उभी राहून बोलत होती.

“मी हाय. ऐकू येतंय न्हवं? उठू नको. नुसतं व्हय म्हण. लहानपणी विहिरीत पडलतीस तवा कोण बसलं होतं काठावर? मीच न्हवं? मग आता बी मीच हाय.”

भाकरी जळून धूर झाला. गॅस मी बंद केला. आक्काचा आवाज एकदाही कापला नाही. पलीकडून “माणसं आली” असं ऐकल्यावर मात्र ती मटकन खाली बसली आणि पिठाचे हात तोंडावर घेऊन रडली.

बहीण मोरीत घसरली होती. खुबा मोडला होता. बेळगावच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि आक्कानं तिला थेट वडगावला आणलं. या वेळी ती नाही म्हणाली नाही. आक्का तिचा हात धरून घरभर फिरवायची. “ही कपाटाची भिंत. हितनं दोन पावलं, आन् मोरी. हितं मात्र मला हाक मारायची.” बहीण बोटांनी नवं घर पाठ करत गेली. त्या दिवसांत आक्काच्या दारात दोघींचं हसणं ऐकू यायचं.

आम्हा सगळ्यांना काळजी बहिणीची होती. गेली मात्र आक्का. दुपारी जेवून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

मी गेले तेव्हा गल्लीतले माग बंद केले होते. पुण्याचा मुलगा यायचा होता. बहिणीला धरून कुणीतरी आक्काजवळ बसवलं.

“तोंड कसं दिसतंय गं तिचं?” तिनं मला विचारलं.

“शांत,” मी म्हणाले.

तिला ते पटलं नसावं. तिनं चाचपडत हात पुढं केला. कपाळ, गाल करत बोटं आक्काच्या ओठांवर आली आणि तिथंच थांबली. तिरडी बांधून झाली, तरी तिनं बोटं काढली नाहीत.